तिसरी खुर्ची

लंडन मेट्रोची जुबिली लाइन स्टॅनमोरला सुरू होते, त्यामुळे सकाळी तिथून निघणाऱ्या ट्रेनमध्ये हवी ती सीट मिळते. बाई मात्र स्टॅनमोरपासून लंडनच्या मधोमध असलेल्या आमच्या ऑफिसपर्यंत रोज उभ्यानं यायच्या. उंची बेताची, वरचा दांडा हाताला लागायचा नाही. मग दाराजवळच्या खांबाभोवती एक कोपर अडकवायचं आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी पेटंट धरायचं. सत्तरीला आलेली बाई उभी आहे म्हटल्यावर कोणी ना कोणी उठायचंच. त्याला त्या मान न उचलता म्हणायच्या, "थँक यू, मी वाचतेय."

मी एकदा कारण विचारलं. तेव्हा म्हणाल्या, "बसून वाचलं की माणूस लिहिणाऱ्याशी सहमत व्हायला लागतो. विरोध करायचा असेल तर उभं राहावं."

ऑफिसात सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचे. मी एकटी 'बाई' म्हणायची. त्याला कारण झाला माझा इंटरव्ह्यू. मी नागपूरची, केमिस्ट्रीत पीएचडी केलेली, नवऱ्याच्या नोकरीमुळे लंडनजवळच्या स्लाऊला आलेली, आणि पेटंट अॅटर्नीचं काम शिकायला कुणीतरी घ्यावं म्हणून फर्म-फर्म हिंडणारी. बाईंनी माझे पेपर बाजूला सारले, ड्रॉवरमधून स्वयंपाकघरातली चिकटपट्टी काढून टेबलावर ठेवली आणि इंग्रजीत म्हणाल्या, "या वस्तूचं वर्णन कर. असं, की दुसरी कुठलीही वस्तू त्यात बसणार नाही." मी उत्साहानं सुरुवात केली. पातळ, पारदर्शक, लवचीक, सोयीस्कर. त्यांनी डोळे मिटले आणि स्पष्ट मराठीत पुटपुटल्या, "देवा, किती विशेषणं!"

मी खुर्चीतून उठलेच. "तुम्ही मराठी?"

"ठाण्याची. बारा वर्षांची होते तेव्हा इथे आले. बस खाली. आणि पातळ म्हणजे किती पातळ ते सांग."

बाई बेने इस्रायली. आई-वडील मराठी बोलणारे ज्यू. कोकणातून ठाण्याला आणि ठाण्याहून लंडनला आलेले. त्यांच्या समाजातले बाकीचे लोक आता घरातही इंग्रजीच बोलतात. बाईंची मराठी टिकली ती आईमुळे. आई जाईपर्यंत तिच्याशी रोज मराठीत भांडायचं, हा नेम होता. त्यामुळे त्यांची मराठी दोन कामांसाठी राखीव होती: प्रेम आणि रागावणं. माझ्या वाट्याला दोन्ही आलं, बरेचदा एकाच वाक्यात. ऑफिसातल्या इंग्रज मंडळींची अशी समजूत झाली होती की मराठी ही फक्त रागावायची भाषा आहे. एकदा मी नवऱ्याशी फोनवर भाजी काय आणायची ते बोलत होते, तर शेजारच्या टेबलावरचा मुलगा हळूच म्हणाला, "एव्हरीथिंग ओके अॅट होम?"

बाईंच्या खोलीत 'ऑब्व्हियसली' या शब्दाला बंदी होती. आमच्या धंद्यात तो शब्द म्हणजे सुरी. एखादा शोध त्या विषयातल्या माणसाला सहज सुचला असता, असं ठरलं की पेटंट संपलं. आणि इंग्रज माणूस तर दर तिसऱ्या वाक्यात 'ऑब्व्हियसली' म्हणतो. कोणी म्हटलं की बाई पेन खाली ठेवायच्या. "कुणाला? कधी? कशावरून?" पोस्ट घेऊन येणाऱ्या माणसालाही यातून सूट नव्हती. त्यानं एकदा "पाऊस आहे, ऑब्व्हियसली," म्हटलं, तर बाईंनी त्याला खिडकीपाशी नेऊन पुरावा मागितला. तो बिचारा पुढे बाईंच्या खोलीत फक्त "गुड मॉर्निंग" म्हणायचा, आणि तेसुद्धा जरा विचार करून.

तर असल्या या बाईंना आयुष्यात एक गोष्ट हवी होती. ती होती एक खुर्ची.

युरोपात पेटंटचं एक नवीन कोर्ट होणार, ही गोष्ट आमच्या लोकांत कित्येक वर्षं चालली होती. तोपर्यंत भांडण प्रत्येक देशात वेगळं चालायचं. जर्मनीत जिंकलं तरी फ्रान्समध्ये हरलं, असं सर्रास व्हायचं. नव्या कोर्टाचा निकाल सगळ्या सभासद देशांत एकदम लागू होणार होता. त्याचा मध्यवर्ती विभाग तीन शहरांत विभागलेला: पॅरिस, म्युनिक आणि लंडन. लंडनकडे औषधं, रसायनं, माणसाच्या शरीराशी संबंधित सगळं, म्हणजे नेमका बाईंचा विषय. आणि त्या विभागात निवाडा करायला तीन जज. दोन कायद्याचे, तेही वेगवेगळ्या देशांचे. तिसरा जज मात्र शास्त्रज्ञ किंवा इंजिनीयर. ज्या विषयाचं पेटंट, त्या विषयातला माणूस यादीतून निवडून त्या एका केसपुरता आणून बसवायचा. त्याचं मत बाकी दोघांच्या मताइतकंच वजनाचं.

बाईंनी आयुष्यभर अशा जजांसमोर काम केलं होतं, ज्यांना पॉलिमर म्हणजे काय हे पहिल्यापासून समजवावं लागे. "अगं, हुशार माणसं असतात," त्या सांगायच्या. "पण सकाळी शिकवायचं आणि दुपारी त्यांच्याकडूनच न्याय मागायचा, हे काही खरं नाही. समोर एक तरी असा हवा, की ज्याला मी फसवू शकणार नाही." त्या तिसऱ्या खुर्चीसाठी त्यांनी इच्छुक म्हणून नाव कळवलं होतं. साठीत फ्रेंच शिकायला लागल्या होत्या. लंडनच्या विभागासाठी बघून ठेवलेली जागासुद्धा बाहेरून पाहून आल्या होत्या.

मग ब्रेक्झिटचं सार्वमत झालं. तरीही काही काळ आशा होती, कारण हे कोर्ट म्हणजे काही थेट युरोपियन युनियन नव्हे. पण शेवटी सरकारनं सांगून टाकलं की ब्रिटन त्यातही नाही. लंडनचा विभाग गेला. पुढे त्यातला काही भाग म्युनिकला आणि काही मिलानला गेला. जज सभासद देशाचाच नागरिक असला पाहिजे असा नियम, आणि बाईंचा पासपोर्ट ब्रिटिश. खुर्ची गेली.

ती बातमी आली त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या खोलीबाहेर घुटमळत होतो. दार उघडून त्याच बाहेर आल्या.

"कोर्टाच्या नियमांत काही बदल झालाय?"

"नाही," कोणीतरी म्हणालं.

"मग शुक्रवारी आपण वाचतो तसेच वाचायचे. कुठवर आलो होतो आपण?"

दर शुक्रवारी त्या आम्हाला बसवून त्या कोर्टाचे नियम वाचून घेत. ब्रिटन बाहेर पडल्यावरही ते थांबलं नाही. आमचे सीनियर पार्टनर, सौम्य आणि सावध गृहस्थ, एकदा दारातून डोकावून म्हणाले, "जे कोर्ट आपलं नाही त्याचे नियम पाठ करून काय करणार?" बाई म्हणाल्या, "खुर्चीत बसता येणार नाही. खुर्चीसमोर उभं राहता येईल."

आणि ते खरं होतं. गंमत अशी, की आमच्या फर्ममधल्या सॉलिसिटरला, म्हणजे खऱ्याखुऱ्या वकिलाला, त्या कोर्टात उभं राहण्याचा हक्क उरला नव्हता. पण आमच्यासारखे युरोपियन पेटंट अॅटर्नी, ज्यांनी कोर्टाच्या कामाची जादा परीक्षा दिलेली, त्यांना पासपोर्ट कुठलाही असो, तिथे उभं राहता येत होतं. कोर्ट प्रत्यक्ष सुरू झालं तेव्हा इतर फर्म्स नियम उघडत होत्या, आणि आमच्याकडे मात्र ते तोंडपाठ असलेली माणसं होती.

आता मुख्य गोष्ट.

साउथहॅम्प्टनची एक सर्जन आमची क्लायंट होती. भाजलेल्या पेशंटवर उपचार करणारी. भाजण्यापेक्षा ड्रेसिंग बदलताना पेशंट जास्त ओरडतात, कारण पट्टीबरोबर नवीन कातडी निघून येते, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तिनं आणि तिच्या इंजिनीयर दिरानं मिळून खास लेप दिलेली एक जाळीची पट्टी तयार केली. आजूबाजूच्या कोरड्या कातडीला ती चिकटते, ओल्या जखमेला चिकटत नाही. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये एका शेडमध्ये त्यांचा छोटा कारखाना होता. पेटंट बाईंनीच लिहिलेलं.

नवं कोर्ट आलं तेव्हा जुन्या पेटंटवाल्यांना एक मुभा होती: आमचं पेटंट या कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवा, असं कळवता यायचं. बहुतेक सगळ्यांनी तसं केलं. आमच्या सीनियर पार्टनरचंही तेच म्हणणं. "एका निकालात सगळ्या देशांतलं पेटंट उडू शकतं. एवढी जोखीम कशाला?"

सर्जन सल्ला घ्यायला आली होती. बाई तिला म्हणाल्या, "मोठ्या कंपनीला प्रत्येक देशात वेगळी लढाई लढणं परवडतं. तुम्ही दुसऱ्याच देशात दमून जाल. तुम्हाला एकच लढाई हवी, आणि ती समजणाऱ्या माणसासमोर हवी. आत राहा."

सर्जननं विचारलं, "आणि हरलो तर?"

"तर सगळं जाईल," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण मला नाही वाटत आपण हरू."

सर्जन आत राहिली. आणि वर्ष उलटायच्या आत युरोपातल्या एका मोठ्या कंपनीनं मिलानच्या विभागात ते पेटंट रद्द करण्यासाठी दावा ठोकला. त्यांना तशीच पट्टी विकायची होती. एकदा दावा दाखल झाल्यावर आता बाहेर पडायचा रस्ता बंद. सीनियर पार्टनर लिफ्टमध्ये बाईंना पाहिलं की फार काळजीपूर्वक हवापाण्यावर बोलायचे.

बाईंना तर उत्साह चढला. त्यांनी बाजारात मिळणाऱ्या सगळ्या पट्ट्या मागवल्या आणि डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चिकटवल्या. काही कोरड्या, काही पाण्यानं भिजवलेल्या, काहींखाली अंड्याचा पांढरा बलक लावलेला. जखमेतून पाझरणाऱ्या पाण्याला जवळची वस्तू म्हणून. असा हात घेऊन त्या आठवडे हिंडल्या. ट्रेनमध्ये आता लोक नुसते उठायचे नाहीत, काय झालं म्हणून विचारायचे. "कोर्टाची केस आहे," बाई सांगायच्या, आणि विचारणारा घाबरून पुढच्या डब्यात जायचा.

त्या कोर्टाचं काम घड्याळावर चालतं. आधी सगळं लेखी, आणि त्याला मुदती कडक. आमचं उत्तर, त्यांचं प्रत्युत्तर, मग पुन्हा आमचं. उत्तराबरोबरच आम्हाला एक पर्याय ठेवता येत होता: पेटंटचं मोठं कुंपण, म्हणजे मुख्य क्लेम, मोडलं, तर निदान हे आतलं छोटं कुंपण मान्य करा, असा. तिघांपैकी एक जज सगळी तयारी करून घेतो. तो व्हिडिओवर दोन्ही बाजूंना बोलावतो, वादाचे मुद्दे छाटतो, काय लागेल आणि काय नको ते सांगतो. मग सुनावणी, शक्यतो एकाच दिवसात. बाई म्हणायच्या, "फापटपसारा आधीच काढलेला. शिजवायला घ्यायच्या आधी भाजी निवडावी तसं." भाजी निवडण्याचा त्यांचा अनुभव मला शंकास्पद वाटे, पण मुद्दा पटायचा.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी त्यांनी स्टॅनमोरच्या घरी कोर्ट भरवलं. दिवाणखान्यात जेवणाचं टेबल आडवं लावलं, मागे तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत अध्यक्ष म्हणून त्यांचा धाकटा भाऊ. तो हॅरोचा, चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झालेला. लंडनलाच जन्मल्यामुळे त्याची मराठी जरा डुगडुगणारी. दुसऱ्या खुर्चीत आमचा सॉलिसिटर. तिसऱ्या खुर्चीत मी.

सुरू करण्याआधी भावानं वाट्या फिरवल्या. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर केळ्याचे काप. त्याला ते मलिदा म्हणतात. काही मोठं काम असलं की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन करतात.

"हन्नाबीला क्लेम कळत नाहीत," बाई म्हणाल्या, पण वाटी पुसून खाल्ली.

मग त्या उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. मी त्यांना असं सलग कधी ऐकलं नव्हतं. एक शब्द फुकट नाही. विरोधकांचं सगळ्यात मोठं हत्यार होतं एक जुनं पेटंट: त्यातही अशीच जाळी, असाच लेप. बाईंचं म्हणणं, त्या कागदात फक्त कोरड्या कातडीबद्दल लिहिलंय, ओल्या जखमेचं नावही नाही. मग आमचा शोध त्यात आधीच होता असं कसं म्हणाल?

मी तिसऱ्या खुर्चीतून विचारलं, "पण बाई, लिहिलं नसलं म्हणून काय झालं? ती जुनी जाळी आज करून ओल्या जखमेवर ठेवली, तर ती चिकटेल का?"

त्या थांबल्या. "हा प्रश्न कागदात नाही."

"पण वस्तूत आहे."

"तिथे कुणी हे विचारणार नाही."

"केमिस्ट असला तर विचारेल."

बाई काहीतरी जोरात बोलणार, एवढ्यात भावानं टेबलावर चमचा आपटला. "ताई, तुझी वेळ संपला."

"संपली!" बाई ओरडल्या. "वेळ संपली! स्त्रीलिंगी!" आणि त्या व्याकरणात माझा प्रश्न वाहून गेला. मला वाटलं, वाहून गेला.

मिलानला आम्ही तिघी गेलो: बाई, सर्जन आणि मी. खोली साधी, उजेड भरपूर. पेटंट इंग्रजीत म्हणून सुनावणी इंग्रजीत. आणि समोर एकही इंग्रज नाही. अध्यक्षबाई इटालियन, त्यांच्या एका बाजूला फ्रेंच जज, दुसऱ्या बाजूला यादीतून या केससाठी आलेला डच केमिस्ट. पन्नाशीचा, बारीक, हातात सतत पेन्सिल फिरवणारा. बाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. हेवा होता का त्या नजरेत, ते मी शोधत होते. मला तर तपासणी दिसली. नवा जावई कसा आहे ते बघावं, तशी.

सकाळी दोन्ही बाजू बोलल्या. बाई घरी बोलल्या होत्या त्याहून छान बोलल्या. अध्यक्षबाई लिहून घेत होत्या. विरोधकांचे वकील अस्वस्थ दिसायला लागले होते. मग डच जजनं पेन्सिल खाली ठेवली.

"मॅडम, जुन्या कागदात ओल्या जखमेचा उल्लेख नाही, हे मान्य. पण त्यातला लेप मी वाचला. तो लेप ओल्या पृष्ठभागाला चिकटूच शकत नाही, बरोबर? मग लिहिलं असो वा नसो, ती जाळी तेच करते. की मी चुकतोय?"

बाईंकडे उत्तर होतं. चार-पाच उत्तरं होती, मला ती माहीत होती. त्यातलं एखादं कायद्याच्या दोन्ही जजांना कदाचित पटलंही असतं. बाईंनी डाव्या हाताची बाही नीट केली.

"मला माझ्या क्लायंटशी बोलायला थोडा वेळ मिळेल का?"

कॉरिडॉरमध्ये सर्जननं पहिल्यांदा तोंड उघडलं. "काय झालं? तुम्ही उत्तर का दिलं नाहीत?"

"कारण तो बरोबर आहे. मी हाताला लावून पाहिलंय. जुनी पट्टी मीच घरी करून पाहिली, हिनं विचारल्यानंतर त्याच संध्याकाळी." बाईंनी माझ्याकडे हनुवटी केली. "नाही चिकटली. सकाळी मी फक्त कागदाबद्दल बोलले, त्यानं वस्तूबद्दल विचारलं."

मला हे ठाऊक नव्हतं.

"मग आता?"

"मोठं कुंपण सोडून द्यायचं. आत्ता, स्वतःहून. आणि छोट्यावर उभं राहायचं. जाळीच्या भोकांच्या कडेला लेप पातळ होत जातो, फक्त तेवढ्यावर हक्क सांगायचा."

"सोडून द्यायचं? तुमच्याच सांगण्यावरून मी या कोर्टात राहिले. सगळं एका दिवसात जाऊ शकतं, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. आणि तुम्ही एका प्रश्नावर अर्धं देऊन टाकायला निघालात?"

"मी वाद घालू शकते," बाई म्हणाल्या. "चांगला वाद घालू शकते. पण खोटा मुद्दा लढवला की दुपारी खऱ्या मुद्द्यावर तो माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. त्याला कळलंय, आणि मला कळलंय हेही त्याला कळलंय. मला सांगा, समोरच्या कंपनीच्या पट्टीला कडेचा लेप कसा आहे?"

"पातळ होत जातो. तेच तर त्यांनी उचललं."

"मग तुम्हाला मोठं शेत हवंय की ते जिथे घुसलेत ती जमीन?"

सर्जननं कपाळ चोळलं. ती रोज असले निर्णय घेणारी बाई होती. कुठला भाग वाचवायचा आणि कुठला काढून टाकायचा. "ठीक आहे," ती म्हणाली. "कापा."

आत जाऊन बाईंनी एका वाक्यात मोठा क्लेम मागे घेतला. विरोधकांचे वकील चक्रावले. त्यांची दुपारची निम्मी तयारी वाया गेली. डच जजनं मान किंचित झुकवली. दुपारभर मग लढाई झाली ती फक्त त्या पातळ होत जाणाऱ्या कडेवर. विरोधक म्हणाले, कडा पातळ करणं कुणालाही सहज सुचलं असतं. बाई म्हणाल्या, "इतकं सहज होतं, तर ड्रेसिंग बदलताना ओरडणाऱ्या पेशंटांच्या शेजारी इतकी वर्षं उभ्या असलेल्या एकालाही कसं सुचलं नाही?" बाजूला सर्जन बसली होती. तिघा जजांनी तिच्याकडे पाहिलं. नंतर डच जजनं लेपाच्या जाडीबद्दल बाईंना असे प्रश्न विचारले, की बाकीची खोली गळून पडली आणि दोघांचंच बोलणं चाललंय असं वाटायला लागलं. बाईंचा चेहरा त्या वेळी जसा होता तसा मी कधी पाहिला नव्हता. गाण्याच्या मैफलीत तबलजी बरोबर समेवर आला की गाणाऱ्याचा होतो, तसा.

बाहेर आल्यावर मी घाबरतच विचारलं, "वाईट वाटलं का, बाई? मोठा क्लेम..."

"वेडी आहेस का? पाहिलंस ना कसा विचारला त्यानं? तुझ्यासारखाच!" त्यांनी माझा दंड पकडला. "मी म्हणत होते ना, फसवता येणार नाही असा एक माणूस हवा. आहे! बसवलाय त्यांनी तिथे! चाललंय कोर्ट!"

सर्जन दोन पावलं पुढे चालत होती. परतीच्या विमानात तिनं आमच्यापासून लांबची सीट मागून घेतली. निकाल लेखी येणार होता, आणि तोपर्यंतचे आठवडे बाईंसाठी सोपे नव्हते, हे मला आता कळतं. सीनियर पार्टनर पुन्हा हवापाण्यावर बोलत होते. सर्जन आमचे फोन उचलत नव्हती, दिराकडून निरोप पाठवायची. मात्र बाई कुणाला खुलासे देत बसल्या नाहीत. ट्रेनमध्ये उभ्या राहून दुसऱ्या कुणाचं तरी पेटंट वाचत राहिल्या. फक्त एकदा, आम्ही दोघी जेवायला बसलो असताना, मध्येच म्हणाल्या, "मी चुकले असेन तर तिचा कारखाना बंद होईल. पण मी चुकले नाही." आणि डब्यातला चपातीचा तुकडा तसाच परत ठेवून त्यांनी झाकण लावलं.

निकाल आला तेव्हा सकाळ होती. बाईंनी मला बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि उभ्या राहून मोठ्यानं वाचायला लागल्या. मला शेवटचं पान हवं होतं. त्या मात्र क्रमानं चालल्या. मोठा क्लेम का टिकला नसता, हे कोर्टानं तपशिलात लिहिलं होतं. खरं तर मागे घेतल्यावर त्याची गरजही नव्हती. म्हणजे बाईंचाच मुद्दा, त्यांनीच लिहिलेलं वाक्य, एकेक धागा काढून उसवलेलं. बाई ते वाचत होत्या आणि मधूनमधून म्हणत होत्या, "सुंदर. बघ, किती सरळ लिहिलंय. एक विशेषण नाही."

"बाई, शेवट!"

"थांब गं. आधी हा परिच्छेद ऐक."

शेवटी आल्या. पेटंट सुधारलेल्या स्वरूपात कायम. सगळ्या सभासद देशांत. त्या मोठ्या कंपनीची पट्टी त्या छोट्या कुंपणाच्या बरोबर आत येत होती. पुढे महिन्याभरात ते स्वतःहून बोलणी करायला आले. पण त्या सकाळी हे आम्हाला माहीत नव्हतं. त्या सकाळी फक्त एक शब्द होता, 'कायम', आणि बाई खुर्चीत बसल्या होत्या. वाचता वाचता कधी बसल्या ते मला दिसलंच नाही. त्यांनी चष्मा काढून नाक शिंकरलं, मग फोन स्पीकरवर टाकला आणि साउथहॅम्प्टनच्या वॉर्डचा नंबर लावला. हॅलो म्हणायची त्यांना सवय नव्हतीच.

"डॉक्टरांना द्या."

"त्या थिएटरमध्ये आहेत," सिस्टर म्हणाली. "काही मेसेज?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. 

"सांगा, ड्रेसिंग टिकलं."

सिस्टर कागद शोधत असावी. "कुठल्या पेशंटचं?"

"सगळ्यांचं," बाई म्हणाल्या.